आत्तीवो

भाड्याच्या गाडीची किल्ली हातात येण्याआधी एक कागद हातात येतो. त्यावर गाडीचं चित्र छापलेलं असतं, पण ते गाडीसारखं दिसत नाही. मिठाईचा खोका उघडून त्याच्या चारी बाजू जमिनीवर पसराव्यात तसं मध्ये टप आणि भोवती दारं, बॉनेट, डिकी. या पसरलेल्या गाडीवर आधीच्या भाडेकरूंची पापं बॉलपेनने मांडलेली असतात. फुली म्हणजे ओरखडा, गोल म्हणजे पोचा. आमच्या कागदावर चार फुल्या आणि एक गोल होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, यापेक्षा जास्त काही दिसलं तर निघण्यापूर्वी सांगा, नंतर ते तुमचं.

हे वाक्य मी इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये पहिल्यांदा ऐकलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. पन्नास पैसे तास. मालक आधी वहीत नाव आणि वेळ लिहायचा, मग घंटी वाजवून दाखवायचा, चेनकव्हर हलवून बघायचा आणि मागच्या मडगार्डवर बोट ठेवून म्हणायचा, "हे आधीचं आहे." म्हणजे बाकी जे होईल ते तुझं. पाच मिनिटं उशीर झाला की अर्ध्या तासाचे पैसे. डिपॉझिट वगैरे नव्हतं, पण तो माझ्या वडिलांना ओळखायचा, आणि ते डिपॉझिट कुठल्याही क्रेडिट कार्डापेक्षा जड होतं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तिघं इटलीत होतो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे एकाहत्तरचे, असं त्या स्वतःच सांगतात. रेल्वेने फिरणं स्वस्त आणि सोपं पडलं असतं, पण फ्लोरेन्सभोवतालच्या तोस्काना प्रांतात टेकड्यांवरच्या गावांना स्टेशनं असतात ती टेकडीच्या पायथ्याशी, आणि तिथून वर जायचं तर गुडघे लागतात. म्हणून गाडी. फ्लोरेन्सला घ्यायची, सहा दिवस फिरायचं आणि व्हेनिसला परत करायची. गाडी चालवणार मी, कारण आमच्या घरात गाडी मीच चालवते. नवऱ्याला येते, पण तो इतक्या सावकाश चालवतो की मागचे लोक तो पत्ता विचारायला थांबलाय असं समजतात.

विमानतळावर गाडी घेणं सोपं. पाट्या मोठ्या, रस्ते रुंद, बाहेर पडलं की लगेच महामार्ग. शहरात गाडी घ्यायची ती आमच्यासारख्यांनी, ज्यांना आधी शहर पायी पाहायचंय आणि गाडीचं भाडं त्या दिवसांत वाया घालवायचं नाही. फ्लोरेन्समध्ये ही दुकानं बोर्गो ओन्यिस्सान्ती नावाच्या रस्त्यावर आणि त्याला लागून असलेल्या गल्लीत एकमेकांना खेटून बसलेली आहेत, सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. रस्त्याला नाव दिलंय ते तिथल्या चर्चने. त्या चर्चमध्ये चित्रकार बोत्तिचेल्लीला पुरलंय. अमेरिगो व्हेस्पुच्चीच्या घराण्याचं चर्चही तेच, म्हणजे ज्याचं नाव एका अख्ख्या खंडाला चिकटलं त्याचं. पंधराव्या शतकातल्या या मातब्बर आळीत आज लोक "फुल टाकी की रिकामी टाकी" यावर वाद घालत असतात.

आम्ही एक वाजून दहा मिनिटांनी पोचलो आणि शटर खाली. दुपारी तीनला उघडणार. म्हटलं तोवर चर्च बघू, तर तेही बंद. बोत्तिचेल्लीसुद्धा जेवायला गेला होता. मग आर्नो नदीच्या कठड्यापाशी बसून बॅगेतल्या दशम्या काढल्या. सासूबाई खूश होत्या. "पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असली की सगळ्या जगाला हसू येतं," त्या म्हणाल्या, "आणि यांनी केलं की ती संस्कृती." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढं मात्र सांगून ठेवते की शहरातल्या शाखेची वेळ आधी बघावी. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी तर कित्येक शाखा उघडतच नाहीत, आणि तुमचं विमान रविवारी रात्रीचं असेल तर तुमच्या हातात फक्त किल्ली टाकायची पेटी उरते.

तीन वाजता शटर वर गेलं आणि पहिला घोळ निघाला. गाडी मी चालवणार, पण क्रेडिट कार्ड नवऱ्याचं. ते चालत नाही. डिपॉझिटची रक्कम ज्याच्या कार्डावर अडकवून ठेवायची, तोच मुख्य चालक असला पाहिजे. माझं कार्ड होतं, पण त्याची मर्यादा त्या रकमेपुढे केविलवाणी होती. सुदैवाने निघण्यापूर्वी मी दोघांनाही संगम पुलाजवळच्या आरटीओत नेऊन आंतरराष्ट्रीय परवाने काढून घेतले होते. हजार-हजार रुपये भरताना नवरा कुरकुरला होता, "मी कुठे चालवणार आहे?" इटलीत भारतीय लायसन्ससोबत तो परवाना लागतोच, आणि काउंटरवरच्या मुलाने दोन्ही शेजारी ठेवून फोटो ताडून पाहिले. तर कागदोपत्री चालक नवरा झाला आणि मी झाले जादा चालक, रोजचे जादा पैसे भरून. सहा दिवसांत नवऱ्याने स्टिअरिंगला हात लावला तो एकदाच, त्यावरचा चहाचा डाग पुसायला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग विमा. इथे प्रत्येक काउंटरवर एक छोटं नाटक होतं. मुलगा आवाज खाली आणतो आणि म्हणतो, तुमच्या भाड्यात विमा आहेच, पण नुकसान झालं तर पहिले इतके युरो तुमचे. त्याला ते "फ्रांकीजा" म्हणतात. ते शून्यावर आणायचं तर दिवसाला इतके जादा. नवरा आकडेमोड करू लागला. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं घेऊन टाक. रात्री झोप लागली पाहिजे." घेतलं. नंतर बाकावर बसून बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की शून्याच्या त्या विम्यात टायर, चाकं आणि काचा येतच नाहीत. म्हणजे जिथे खरचटण्याची सगळ्यात जास्त शक्यता, तेवढं सोडून सगळं. आपल्याकडच्या "अटी लागू" वाल्यांनीही यांच्या पाया पडावं.

गाडी मिळाली फियाटची पांढरी पांडा. आरक्षण करताना फोटो दुसऱ्याच गाडीचा होता, खाली बारीक अक्षरात "किंवा तत्सम". तिघं माणसं, दोन मोठ्या बॅगा आणि सासूबाईंची पिशवी यांना घेऊन ती तत्सम कुरकुरली, पण बसली. मी मोबाइल काढून गाडीभोवती फिरले. बंपरचे कोपरे, आरशांच्या पाठी, चारी चाकं, टपसुद्धा, पाय उंचावून. चौतीस फोटो काढले. कागदावर नसलेले दोन ओरखडे सापडले. मुलाने खांदे उडवले आणि पेन घेऊन आणखी दोन फुल्या मारल्या. त्या दोन फुल्यांनी मला जो आनंद झाला तो उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं पाहूनही झाला नव्हता.

इथून फ्लोरेन्सच्या बाहेर पडायचं. अंतर म्हटलं तर दोन-तीन किलोमीटर. मला घाम फुटला होता तो गाडी उजवीकडून चालवायची म्हणून नाही. ते चार चौकांत जमतं. गिअर उजव्या हाताने टाकायचा, तेही जमतं. जमत नाही ते इंडिकेटरचं. माझ्या पुण्यातल्या गाडीत तो उजव्या हाताशी आहे आणि या गाडीत तिथे वायपर. त्यामुळे प्रत्येक वळणाआधी मी कडकडीत उन्हात काच पुसून सर्वांना सांगत होते की मी आता वळणार आहे.

खरी भीती कॅमेऱ्यांची होती. इटलीत जुन्या शहरांच्या पोटात "झोना अ त्राफ्फिको लिमितातो" असते, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. सगळे तिला झेडटीएल म्हणतात. ठरलेल्या वेळात तिथे रहिवासी आणि परवानावाले सोडून कुणी गाडी न्यायची नाही. दांडा नाही, चौकीदार नाही, शिट्टी नाही. पांढरी गोल पाटी, तिला लाल कड, खाली वेळा लिहिलेल्या आणि वर एक कॅमेरा. तुम्ही आत जाता, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, तुम्हाला काहीही कळत नाही. फ्लोरेन्समध्ये आठवड्याच्या दिवशी ही वेळ सकाळी साडेसात ते रात्री आठ. आणि भाड्याच्या गाड्यांची दुकानं या भागाच्या अगदी काठावर. एक वळण चुकलं की आत.

त्या काठाचीही एक गोष्ट आहे. १८६५ ते १८७१ फ्लोरेन्स इटलीची राजधानी होतं. राजधानी म्हटल्यावर रुंद रस्ते पाहिजेत, म्हणून जुझेप्पे पोज्जी नावाच्या वास्तुरचनाकाराने नदीच्या उत्तरेकडची मध्ययुगीन तटबंदी पाडली आणि तिच्या जागी झाडांचे प्रशस्त रस्ते आखले. वेशी तेवढ्या ठेवल्या. पोर्ता अल प्रातो ही त्यातलीच एक, आता वाहतुकीच्या मधोमध एकटी उभी, दोन्ही बाजूंची भिंत हरवलेली. मी तिच्याभोवतून गेले तेव्हा शेजारून बस, मागून स्कूटर आणि पुढून वायपर, त्यामुळे तेव्हा काही सुचलं नाही. रात्री नकाशा पाहिला तेव्हा दिसलं की कॅमेऱ्यांची रेघ बरीचशी त्या पाडलेल्या भिंतीच्याच आतून फिरते. दीडशे वर्षांपूर्वी गाड्या जाव्यात म्हणून भिंत पाडली, आणि गाड्या फार झाल्या म्हणून तीच भिंत परत बांधली, विटांशिवाय. इटलीत भाड्याची गाडी मिळते ती शहरातून निघून जायला. शहरात शिरायला नाही.

इटलीत हे नवीनही नाही. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमाराचा एक रोमन कायदा कांस्यपटावर कोरलेला सापडलाय. सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे दुपार उलटेपर्यंत, रोम शहरात मालाच्या गाड्या आणायच्या नाहीत. देवळांच्या बांधकामाचं सामान आणणाऱ्यांना सूट, काही पुजारणींना सूट. म्हणजे परवानेही होते. मग सगळ्या गाड्या रात्री यायला लागल्या आणि खडखडाटाने झोप येत नाही म्हणून रोमचे कवी करवादले. आज सूट मिळते ती हॉटेलात उतरणाऱ्यांना, हॉटेलवाल्याने तुमच्या गाडीचा नंबर वेळेत पोलिसांना कळवला तर. तेवढं "तर" फार मोठं आहे.

पुढचे चार दिवस सुखाचे गेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कमी. फ्लोरेन्सहून सिएनाला जाणारा वेगवान रस्ता आहे, त्याला टोल नाही. आम्ही तो सोडून कियांतीच्या द्राक्षमळ्यांतून जाणारा जुना रस्ता घेतला आणि तासाभराच्या प्रवासाला अडीच तास लावले. गावाबाहेर पार्किंग, निळ्या पट्ट्यांत पैसे भरून, पांढऱ्या पट्ट्यांत फुकट, पिवळ्यांकडे बघायचंही नाही. सिएनाने तर १९६०च्या दशकातच आपल्या मुख्य चौकातून गाड्या हाकलल्या होत्या. मी ते वाचून आदराने गाडी वेशीबाहेरच ठेवली.

पाचव्या दिवशी मी निर्धास्त झाले. निर्धास्तपणा वाईट. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. टेकडीवरचं, तटबंदी शाबूत असलेलं छोटं गाव, संध्याकाळची पावणेसातची वेळ. हॉटेल तटाच्या आत. हॉटेलवालीने निरोप धाडला होता की गाडी खालच्या वाहनतळावर ठेवा, आमचा माणूस बॅगा न्यायला येईल. पण खालून वर चढण दिसली आणि मागे सासूबाईंचे एकाहत्तरचे गुडघे. नकाशा म्हणत होता, सरळ जा. पुढे कमान, कमानीच्या बाजूला एक विजेची पाटी, लाल अक्षरांत चमकणारी.

"काय लिहिलंय?" मी विचारलं. माझे डोळे कमानीच्या रुंदीवर होते.

नवऱ्याने चष्मा शोधला. तोवर सासूबाईंनी मागून अक्षरं जुळवली. शाळेत इंग्रजी लिपी शिकलेल्या बाईने ती वाचावी तशीच वाचली. "व्हार्को... आत्तीवो. अगं, आत्ता येवो म्हणतोय. जा आत."

आणि मी गेले. सासूबाईंच्या सांगण्यावरून गेले असं मी आजही म्हणते, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. दार "सक्रिय" आहे म्हणजे उघडं आहे, चालू आहे, या. त्याचा खरा अर्थ बरोब्बर उलटा. व्हार्को म्हणजे शिरायची जागा, आत्तीवो म्हणजे पहारा जागा आहे. "नोन आत्तीवो" लिहिलं असेल तेव्हा आत जायचं, कारण तेव्हा कॅमेरा झोपलेला असतो. इंग्रजी येणारे यात इंग्रजीमुळे फसतात, आम्ही मराठीमुळे फसलो एवढाच फरक.

आत गेल्यावर गल्ली अरुंद होत गेली. दोन्ही आरसे मिटले. समोरून एक म्हातारे गृहस्थ हातात पावाची पिशवी घेऊन येत होते, ते दारात सरकून उभे राहिले आणि आम्हाला जागा दिली. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्यही नाही. दर उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघितलं त्यांनी. पुढे चौक, चौकातून वळण, वळणाच्या कोपऱ्यात भिंतीला लागून एक दगड, पूर्वी बैलगाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून बसवतात तसा. पूर्वीच्या चाकांसाठी बसवलेल्या त्या दगडाने माझ्या चाकाचीही विचारपूस केली. आवाज लहान होता. गाडीतली शांतता मोठी होती.

उतरून पाहिलं. उजवं मागचं चाक, काळ्या प्लॅस्टिकच्या वाटीवर बोटभर लांबीचा पांढुरका ओरखडा. अंगठ्याने चाचपला तर खरखरत होता. टायर ठीक, पत्रा ठीक. पण चाकं विम्यात नाहीत, हे आम्ही तिघांनीही एकदम आठवलं.

व्हेनिसच्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष त्या चाकात. बोलोन्या मागे पडलं, पादोव्हा मागे पडलं, महामार्गावर १३० ची परवानगी असून मी ११० च्या पुढे गेले नाही. नवरा म्हणाला, आता कळलं मी सावकाश का चालवतो. टोलनाक्यावर निळी पाटी कार्डाची, पांढरी रोखीची आणि पिवळी ज्यांच्या काचेवर यंत्र आहे त्यांची. पिवळ्या गल्लीत शिरलेल्या एका परदेशी गाडीमागे भोंग्यांची आरती चालली होती. मला जरा बरं वाटलं. आपल्यासारखे आणखी आहेत.

टाकी भरून द्यायची असते, म्हणून व्हेनिसच्या अलीकडे, पाण्याआधीच्या मेस्त्रेला पंपावर थांबलो. रविवार, दुपार, पंपावर माणूस नाही. यंत्रात नोट घालायची, मग पंपाचा आकडा दाबायचा, मग नळी उचलायची. यात क्रम चुकला की यंत्र नोट गिळून गप्प बसतं. हिरवी नळी बेन्झिना म्हणजे आपलं पेट्रोल. काळी नळी गासोलियो, म्हणजे डिझेल, आणि नाव ऐकून ज्याला पेट्रोल वाटेल त्याच्या इंजिनाचं भलं होवो. मी आणि नवरा यंत्रापुढे उभे राहून इटालियन सूचना भाषांतरित करत होतो. सासूबाई पाय मोकळे करायला उतरल्या. पिशवी घेऊन.

आम्ही परतलो तेव्हा त्या मागच्या चाकापाशी वाकून होत्या आणि हातात खोबरेल तेलाची छोटी बाटली. "काळ्या प्लॅस्टिकला तेल लावलं की नवं होतं," त्या म्हणाल्या. "मिक्सरच्या बुडाला लावते मी." ओरखडा खरंच गेला होता. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. नवरा म्हणाला, "आई, ही फसवणूक आहे." सासूबाई म्हणाल्या, "फसवणूक कसली? पुसलं मी." मग एकसारखं दिसावं म्हणून त्यांनी उरलेल्या तीन चाकांनाही लावलं.

मेस्त्रेहून व्हेनिसला जाणारा पूल जवळजवळ चार किलोमीटर लांब. रेल्वेचा पूल शेजारी आहे, तो १८४६ पासून, ऑस्ट्रियन राजवटीतला. गाड्यांचा पूल १९३३ साली मुसोलिनीच्या काळात झाला, आणि युद्धानंतर त्याचं नाव बदलून "स्वातंत्र्याचा पूल" ठेवलं. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, पाण्यात रोवलेले खांब, त्यावर बसलेले पक्षी, आणि समोर हळूहळू वर येणारे घंटाघरांचे शेंडे. इटलीत मी जितकी चालवली त्यातली ही सर्वात सुंदर चार किलोमीटर, आणि माझी नजर सारखी इंधनाच्या काट्यावर, तो फुल्लच्या खुणेवरून खाली आला का ते बघायला.

पूल संपतो तिथे पियाझाले रोमा. रस्ता संपतो. पुढे रस्ता नाही म्हणजे बंदी नाही, नाहीच आहे. पुढे पाणी. तिथे १९३४ साली बांधलेलं महापालिकेचं प्रचंड बहुमजली गाडीघर आहे, पांढरं, वळणावळणाच्या चढावांचं. शहर एवढं जुनं आणि त्याच्या दारात चपला काढायची जागा एवढी मोठी. आमच्या कंपनीची जागा त्यातच वरच्या मजल्यावर होती. पाटी शोधत दोन मजले जास्त चढलो, मग उलटे उतरलो.

गाडी तपासायला आलेला माणूस पन्नाशीचा, कानामागे पेन. त्याने तो कागद उलगडला, मिठाईच्या खोक्याचा. सहा फुल्या, एक गोल. बंपर पाहिला, दारं पाहिली. मी मोबाइलवर चौतीस फोटो उघडून तयार होते, वकिलासारखी. मग तो उजव्या मागच्या चाकापाशी बसला आणि वाटीवरून बोटं फिरवली. बोटं चमकली. त्याने ती एकमेकांवर चोळली. मग नाकाशी नेली.

सासूबाई समुद्राकडे बघत होत्या.

"कोक्को," तो म्हणाला. नारळ. आणि आमच्याकडे, म्हणजे आम्हा दोघांकडे नाही, थेट सासूबाईंच्या चापूनचोपून बसवलेल्या अंबाड्याकडे बघून हसला. हात पँटला पुसले, कागदावर सही केली. "तुत्तो आ पोस्तो." सगळं जागच्या जागी. चाळीस सेकंदांत संपलं. सायकलवाला यापेक्षा जास्त वेळ घ्यायचा.

गाडी गेल्यावर हलकं वाटलं आणि बॅगा जड झाल्या. धक्क्यावर जाऊन साडेनऊ युरोंचं एकेक तिकीट काढलं, बोटीत बसलो. सासूबाईंना पहिल्यांदाच पुढची जागा मिळाली.

डिसेंबरात नवऱ्याच्या कार्डावरून गाडीच्या कंपनीने पन्नास युरोंच्या आसपास रक्कम कापली. कारण काही नाही, नुसता एक क्रमांक. घरात चाकाची चौकशी पुन्हा उघडली. नवरा म्हणाला, तेल वाळलं असणार. सासूबाई चार दिवस गप्प होत्या. त्यांनी मला एकदा स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "वाटी केवढ्याला मिळते गं नवी?"

ते चाकाचं नव्हतंच. जूनमध्ये पोस्टमन सही घ्यायला आला तेव्हा कळलं. डिसेंबरातले पैसे होते ते कंपनीने पोलिसांना आमचं नाव आणि पत्ता कळवल्याबद्दल. दंड वेगळा. परदेशात राहणाऱ्याला दंडाचं पत्र धाडायला इटालियन कायदा ३६० दिवसांची मुदत देतो, आणि ते लोक ती पुरेपूर वापरतात. पत्रात तारीख, वेळ १८:४७, कमानीचं नाव, गाडीचा नंबर, आणि गुन्हेगार म्हणून नवऱ्याचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट. सहा दिवसांत ज्याने फक्त चहाचा डाग पुसला, त्याने एका ऐतिहासिक नगरात बेकायदा प्रवेश केला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं. मग वर्तमानपत्राखाली ठेवलं आणि म्हणाला, "निदान कुठेतरी मी वेगाने गेलो म्हणून लिहा."

दंड ८३ युरो, पाच दिवसांत भरला तर तीस टक्के सूट. म्हणजे ५८ युरो १० सेंट आणि पत्राचा खर्च. भरायच्या संकेतस्थळावर पुराव्याचा फोटो बघायची सोय होती. नंबर टाकला. काळा-पांढरा फोटो, मागून घेतलेला. कमान, कमानीत शिरणारी पांडा, नंबरप्लेट स्वच्छ. आणि मागच्या काचेत मधोमध एक पांढुरका गोळा.

"हा माझा अंबाडा," सासूबाई म्हणाल्या.

नवरा म्हणाला, ते कशाचंतरी प्रतिबिंब आहे. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि ऐकलं नाही. मी माझ्या मोबाइलमधले चौतीस फोटो काढून पाहिले. बंपर, दार, चाक, आरसा, बंपर. अख्खी गाडी एकातही नाही.

पैसे भरले. फोटो उतरवून घेतला. सासूबाईंनी तो पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणायला सांगितलाय, दोन प्रती, एक नणंदेला.